खरवसाची पडताळणी

मंदाच्या पोटातली गाठ साधी नाही हे कळलं, त्या दिवशी भास्कर गुंजाळ नाशिक रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप घेऊन उभा होता. वजनमापे निरीक्षकाच्या नोकरीचे शेवटचे तीन महिने उरले होते. त्याने माप भरून घेतलं, फेस बसू दिला आणि वाकून रेघ पाहिली. चाळीस मिलीलिटर कमी. कायद्याने पंचवीसपर्यंत चालतं.

"साहेब, वरचे पंधरा मिलीलिटर म्हणजे किती? एक चमचा," पंपाचा मालक म्हणाला.

"तीन चमचे," भास्कर म्हणाला आणि सील लावायला पक्कड काढली. तेवढ्यात मंदाचा फोन आला.

"अहो, कुठे आहात?"

"पंपावर."

"काम झालं का?"

"सील राहिलंय."

"मग लावा आणि या. पुण्याचा रिपोर्ट आलाय. गाठ साधी नाही म्हणतात."

त्याने सील लावलं, पंचनाम्यावर सही केली आणि मग स्कूटरला किल्ली लावली. संगमनेरला पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तीन चमच्यांसाठी त्याने आज पंप बंद केला होता. आणि दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरने मंदाची फिल्म उजेडाकडे धरून, त्यावर बोट ठेवून, "रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, साधी गाठ, विसरून जा" म्हटलं, तेव्हा एकतीस वर्षं एकाही वाण्याचा किलो न तपासता मान्य न केलेला हा माणूस "थँक्यू" म्हणून बाहेर पडला होता. बाहेर दोघांनी उसाचा रस प्यायला होता. मंदाने दोन ग्लास घेतले होते.

पुढे पाच महिन्यांनी ती गेली.

दहाव्याला भास्करची थोरली बहीण कलावती, म्हणजे अक्का, एक पिशवी घेऊन आली. तेराव्यानंतर जाते म्हणाली. मग म्हणाली वर्षश्राद्ध उरकून जाते. वर्षश्राद्ध झाल्यावर तिने तो विषय काढणं सोडून दिलं आणि भास्करनेही विचारलं नाही. अक्का सहासष्ट वर्षांची, विधवा, माळकरी, भजनी मंडळात टाळ वाजवणारी आणि घरात सगळ्यांना वाजवणारी. घरात सगळे म्हणजे एकटा भास्कर.

निवृत्तीनंतर त्याला काम नव्हतं. तो भाकरीचा गोळा काट्यावर ठेवायचा.

"नव्वद ग्रॅम. कालची एकशे पाचची होती," तो म्हणायचा.

"मंग खाल्ली का फेकली?"

"खाल्ली."

"मंग कशाला बोंबलतो? उद्या चहाच्या कपाला शिसं लाव आणि शिक्का मार."

बाजारात त्याला पाहून भाजीवाल्या बायका काट्याखालचा दगड काढून घ्यायच्या. एकदा तर त्याने पाव किलो गवार मागितल्यावर एकीने अर्धा किलो दिली आणि हात जोडले. तो आता निवृत्त आहे हे गावात कोणी मानायलाच तयार नव्हतं. तोसुद्धा.

अशात तालुक्याच्या नव्या निदान केंद्रात 'निवाडा' आलं.

निवाडा हे मशीन उंचीला फ्रिजएवढं होतं. सोनोग्राफीसारखाच दांडा, पण मागे अक्कल. यकृतातली गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे ते सहा मिनिटांत सांगायचं. ते कसं, हे केंद्राच्या डॉक्टर ऋतुजा घुले यांनी उद्घाटनाच्या दिवशी माइकवरून समजावलं होतं. बाई तिशीच्या, इथल्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यामुळे लोकांना कळलं.

त्यांनी सांगितलं, यकृताला दोन वाटांनी रक्त मिळतं, जसं एखाद्या शेताला पाटाचंही पाणी असतं आणि विहिरीचंही. निरोगी यकृत बारा आणे रक्त पाटातून घेतं, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून. चार आणे विहिरीतून, म्हणजे धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र थेट विहिरीवर मोटर टाकते. ती झपकन भरते आणि झपकन रिकामी होते. रक्तवाहिन्यांची साधी गाठ कडेकडेने, सावकाश, आतपर्यंत भरत जाते आणि भरलेलीच राहते. मशीन शिरेतून रक्तपेशीहूनही बारीक बुडबुडे सोडतं आणि ते गाठीत कसे शिरतात, कसे निघतात, ते पाहतं. शिवाय गाठीला आवाजाचा हलकासा धक्का देऊन ती किती कडक आहे तेही पाहतं. हे दोन्ही ते आधी पाहिलेल्या चाळीस लाख यकृतांशी ताडतं आणि निवाडा देतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "आता पोटात सुई खुपसून तुकडा काढायची गरज नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सरकारनेही टाळ्याच वाजवल्या असाव्यात, कारण सहा महिन्यांत आदेश निघाला: निवाड्याने 'सौम्य' म्हटलेल्या रुग्णाला पुढच्या तपासणीला पाठवायचं नाही. मोठ्या दवाखान्यांतल्या रांगा निम्म्या झाल्या. केंद्रासमोर पेढ्यांचं दुकान निघालं. सौम्य निघालेला माणूस बाहेर येऊन आधी पेढे घ्यायचा आणि मग चप्पल शोधायचा. स्थळं पाहताना पत्रिकेबरोबर यकृताचा दाखला मागू लागले. सरपंचपदाच्या एका उमेदवाराने फ्लेक्सवर स्वतःच्या फोटोखाली 'सौम्य, खात्री ९८ टक्के' असं छापलं. त्याच्या बायकोने म्हणे तो फ्लेक्स पाहून विचारलं, घरात कधी होणार.

कार्तिकात अक्काने पावट्याची उसळ जरा जास्त खाल्ली आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. दुखणं गॅसचं होतं, ते दुसऱ्या दिवशी गेलं. पण साध्या सोनोग्राफीत यकृताच्या पार वरच्या टोकाला एक गाठ दिसली. फॅमिली डॉक्टरने तिला निवाड्याकडे पाठवलं.

अक्का टेबलावर आडवी झाली. भास्कर कोपऱ्यात स्टुलावर बसला.

"कृपया श्वास घ्या. रोखून धरा," मशीन शुद्ध मराठीत म्हणालं.

"धरला बाई," अक्का म्हणाली.

"कृपया बोलू नका."

"मंग तू कशाला बोलायला लावती?"

ऋतुजाबाईंनी हसू दाबलं. सहा मिनिटांनी पडदा हिरवा झाला. "गाठ दोन पूर्णांक दोन सेंटिमीटर. स्थान, यकृताचा उजवा, वरचा, मागचा कोपरा. निवाडा: सौम्य. खात्री नव्व्याण्णव टक्के. अभिनंदन." आणि मशीनमधून सनई वाजली.

अक्का उठून बसली, पदर सावरला आणि मशीनला नमस्कार केला. "भास्कर, जा, पेढे आण. दोन किलो. मंडळातल्या बायका एकीला एक दिला तर नावं ठेवतात."

भास्कर उठला नाही. "मॅडम, याची पडताळणी कधी झाली?"

"कंपनीचा माणूस दर सहा महिन्यांनी येतो, काका."

"कंपनीचा? म्हणजे वाण्याचा काटा वाण्यानेच तपासायचा."

"काका, त्याने चाळीस लाख यकृतं पाहिलीत."

"असतील. मी पण तीस वर्षांवर काटे पाहिले. पण नवा काटा समोर आला की पहिल्यापासून सुरुवात. आधी रिकामा, मग निम्मा, मग पूर्ण भार. मग वजन परड्याच्या चारी कोपऱ्यांत ठेवून बघायचं. मधोमध बरोबर दाखवणारा काटा कोपऱ्यात खोटं बोलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हिची गाठ कोपऱ्यात आहे असं तोच म्हणतो. कोपऱ्यावर तपासलाय का कोणी?"

ऋतुजाबाईंच्या बाहेर बावीस पेशंट बसले होते. त्या म्हणाल्या, "तपासायला कोपऱ्यात माहितीची गाठ असलेलं यकृत कुठून आणू, काका? तुम्ही यकृतासारखं काहीतरी आणा, मी तपासते."

त्या गंमतीने बोलल्या होत्या. पण भास्करला गंमत कळायची ती मंदाने कोपराने ढोसलं तरच, आणि आता ढोसायला कोणी नव्हतं. त्याने मान डोलावली आणि पेढे आणायला गेला.

त्या आठवड्यात अक्काने पेढे वाटले आणि भास्करने यकृत शोधलं.

आधी खरं यकृत हाताला कसं लागतं ते पाहायला हवं होतं. तो खाटकाच्या दुकानात गेला. त्याला बघताच खाटकाने बोलण्याआधी काटा पुढे केला. "साहेब, परवाच पास करून आणलाय."

"काटा नको. मला यकृत दाबायचंय."

"किती देऊ?"

"द्यायचं नाही. फक्त दाबायचंय."

त्याने अंगठ्याने चार ठिकाणी दाबलं, हात धुतले, आभार मानले आणि रिकाम्या हाताने बाहेर पडला. समोरून भजनी मंडळातली एक बाई जात होती. संध्याकाळपर्यंत अक्काला कळलं की तिचा भाऊ बायकोच्या माघारी मटण खायला लागलाय.

"दाबायला गेलतो," भास्कर म्हणाला.

"काय दाबायला?"

"यकृत."

अक्काने हातातले टाळ खाली ठेवले. "भास्कर, खाल्लं असतं तर बरं झालं असतं. मी लोकांना काहीतरी सांगितलं असतं."

मग त्याने स्वयंपाकघरातलं एकेक दाबून पाहिलं. ढोकळा भुसभुशीत. वडीच्या पिठाचा उंडा चिकट. दुधी हलवा तर विचारूच नये. शेवटी शेजारच्या संपतची गाय व्याली आणि त्याने रिवाजाप्रमाणे चिकाचं पातेलं आणून दिलं. चीक विकत नाहीत, शेजारी वाटतात, आणि पातेलं रिकामं परत करत नाहीत. अक्काने त्यात गूळ घालून परत पाठवलं आणि खरवस लावला. भास्करने खरवसावर अंगठा ठेवला, दाबला, डोळे मिटले, परत दाबला.

"अक्का, हेच ते."

"मग खा की. दाबतो कशाला?"

त्याने संपतला पुन्हा गाठलं. पहिल्या दिवसाचा चीक घट्ट लागतो, तिसऱ्या दिवसाचा मऊ, हे घरोघरी माहीत असतं. त्यावरच त्याचा बेत होता. पहिल्या दिवसाचा चीक त्याने आप्पेपात्रात वाफवला आणि त्याच्या कडक गोळ्या कातून दोन पूर्णांक दोन सेंटिमीटरच्या केल्या, व्हर्नियरने मोजून. त्या वाईट गाठी. तिसऱ्या दिवसाचा पातळ चीक म्हणजे यकृत. चौकोनी स्टीलच्या डब्यात एक गोळी मधोमध, चार चार कोपऱ्यांत, आणि वरून चीक ओतून मंद वाफेवर ठेवायचं. आत जाळी पडता कामा नये, कारण हवेच्या पोकळीपलीकडे सोनोग्राफी आंधळी होते. एक डबा बिघडला तर असावा म्हणून त्याने दोन मांडले.

"साखर?" अक्काने विचारलं.

"साखर नाही."

"वेलदोडा?"

"अक्का, हे मशीनला द्यायचंय."

"देवाला दाखवायचं नाही ते घरात शिजवू नाही." असं म्हणून तिने एका डब्याच्या चिकात, तो पंचा बदलायला गेला तेव्हा, चार मुठी साखर आणि वेलदोड्याची पूड ढवळून दिली. एक डबा मशीनला, एक माणसांना, असा तिचा न्याय.

गुरुवारी दुपारी केंद्राला सुट्टी असायची. ऋतुजाबाई डबा घेऊन उभ्या असलेल्या भास्करकडे पाहून आधी हसल्या, मग व्हर्नियरने काढलेला नकाशा हातात घेऊन नीट पाहू लागल्या. डॉक्टरांच्या शिकवणीतही जेलीत गोळ्या घालून असे नमुने करतात, हे त्यांना आठवलं. बुडबुड्यांचा इथे उपयोग नव्हता, खरवसात रक्त नसतं. त्यांनी फक्त कडकपणाची तपासणी लावली आणि दांडा टेकवला.

"हा नमुना यकृत नाही," मशीन म्हणालं. "कृपया रुग्णाला टेबलावर झोपवा."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मशीनने मदतीसाठी कंपनीचा नंबर सांगितला.

भास्करने तोंडावरून हात फिरवला. "एक डबा घरी आहे. पण अक्काने त्यात साखर घातलीय, वेलदोड्याच्या वासावरून कळलं. आणला तरी काय उपयोग."

"साखर?" ऋतुजाबाई थांबल्या. "आणा. लगेच आणा."

डबा आला तेव्हा त्याचा एक कोपरा गोळीसकट अक्काने खाल्लेला होता. उरलेला बाईंनी टेबलावर, रुग्णाचं यकृत येतं बरोबर त्या जागी ठेवला. मशीन दोन सेकंद विचारात पडलं.

"यकृत आढळले. मेद किंचित वाढलेला आहे. गोड खाणे टाळा."

ऋतुजाबाई खुर्चीत बसून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसून त्यांनी समजावलं. आवाज पाण्यातून एका वेगाने जातो, मांसातून जरा जास्त वेगाने. मशीन यकृत ओळखतं ते आधी या वेगावरून. बिनसाखरेच्या खरवसात आवाज पाण्यासारखा मंद चालला. साखरेने तो यकृताइतका झाला. प्रयोगशाळेत यासाठी महागडी द्रव्यं घालतात. अक्काने चार मुठी साखर घातली.

"मुठी मोजल्या होत्या का तिने?" भास्करने विचारलं.

"काका, जाऊ द्या."

मग खरी पडताळणी सुरू झाली. मधली गोळी: "कठीण गाठ. संशयास्पद. पुढील तपासणी करा." भास्करने नकाशावर बरोबरची खूण केली. पुढचा कोपरा: संशयास्पद. त्याशेजारचा: संशयास्पद. अक्काच्या पोटातला चौथा सोडून दिला. राहिला उजवा, वरचा, मागचा.

"सौम्य. खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. अभिनंदन." सनई वाजली.

भास्करने पेन्सिल खाली ठेवली. चारही गोळ्या एकाच आप्पेपात्रातल्या, एकाच वाफेच्या.

"गोळीच मऊ पडली असेल," ऋतुजाबाई म्हणाल्या. आवाज मात्र पहिल्यासारखा नव्हता.

"काटा खोटा का वजन खोटं, ते कळायला एकच उपाय असतो," भास्कर म्हणाला. त्याने डबा उचलला, अर्धा फिरवला आणि परत ठेवला. आता मघाशी संशयास्पद निघालेली गोळी त्या मागच्या कोपऱ्यात आली होती, आणि अभिनंदन झालेली पुढे.

पुढची: "संशयास्पद." मागची: "सौम्य. अभिनंदन."

ऋतुजाबाईंनी सनई मध्येच बंद केली.

त्या बराच वेळ पडद्यावर मशीनच्या शिकवणीची माहिती उलगडत बसल्या. मग सांगितलं. तो कोपरा फासळ्यांच्या आणि फुप्फुसाच्या आड येतो. सोनोग्राफीला तिथलं नीट दिसतच नाही. म्हणून गेली तीस वर्षं तिथे जरा जरी वाईट शंका आली की डॉक्टर पेशंटला थेट मोठ्या चुंबकाच्या मशीनकडे, म्हणजे एमआरआयला पाठवायचे. त्यांच्या चित्रांची नोंद तिकडे झाली. सोनोग्राफीच्या संग्रहात त्या कोपऱ्यातल्या ज्या गाठी उरल्या, त्या सगळ्या सहज सापडलेल्या, साध्या. मशीनला त्याच शिकवल्या. त्याने आपलं ठरवून टाकलं, तिथे असते ती साधीच.

"म्हणजे ज्या दुकानदारांनी स्वतः बोलावलं तेवढीच दुकानं तपासायची," भास्कर म्हणाला, "आणि अहवाल लिहायचा, तालुक्यात एकही काटा खोटा नाही."

"हो."

"मग अक्काची?"

"माहीत नाही, काका. साधी असेलही. पण मशीनला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही." त्यांनी टेबलावरचा कागद ओढला. "आदेशाप्रमाणे मी त्यांना पुढे पाठवू शकत नाही. पाठवते. नाशिकला, सोमवारी."

अक्काला शनिवारी भजनी मंडळाबरोबर गिरनारला जायचं होतं. बसमध्ये खिडकीची जागा तिने भांडून मिळवली होती. भास्करने सगळं सांगितलं तेव्हा ती पिशवीत लाडवांचा डबा भरत होती.

"तुझा खरवस काय म्हणतो ते मला नको सांगू. त्या बाईने सनई वाजवली."

"ती बाई नाही, मशीन आहे."

"मी बेचाळीस घरं पेढे वाटले. आता काय, घरोघर जाऊन परत मागू? मंडळातल्या त्या शेवंताने तर तिथंच खाल्ला, माझ्यासमोर."

"पेढे राहू दे. सोमवारी नाशिकला चल. गिरनार कुठे पळत नाही."

"आन् मी कुठं पळते? काही नसलं तर? फुकट सुई टोचून घेऊ?"

"काही नसलं तर परत पेढे वाट. मी आणतो. चार किलो."

अक्का डब्याचं झाकण लावत राहिली. ते नीट बसत नव्हतं. भास्करने तो डबा तिच्या हातातून घेतला, पण झाकण लावलं नाही, तसाच मांडीवर घेऊन बसला.

"मंदाच्या वेळी मी विचारलं नाही," तो म्हणाला. "डॉक्टरचं ऑफिस चांगलं होतं. गार होतं. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारायचं, तुम्ही हे कशावरून ठरवलं म्हणून. शंभर वाण्यांना विचारलं मी. त्याला नाही विचारलं."

अक्काने पिशवी बाजूला सारली.

"ती मला म्हणाली होती, परत एकदा दाखवू या का. मीच म्हटलं, डॉक्टर सांगतात ना."

अक्काने डबा परत घेतला आणि आतला एक लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. "खा," ती म्हणाली. "आणि त्या शेवंताला फोन लाव. खिडकीची जागा तिला दे म्हणावं. पण परत येताना नाही, जाताना फक्त."

"तू परत येताना बसमध्ये नसणारेस, अक्का."

"ते तिला कशाला सांगायचं?"

नाशिकला चुंबकाच्या मशीनमध्ये घालण्याआधी अक्काने तिथल्या माणसाला विचारलं, "याच्यावर शिक्का कुठंय?" त्या माणसाला कळेना. भास्करने खिडकीकडे तोंड फिरवलं.

चित्रं निघाली, मग सुई झाली, मग चार दिवसांनी अहवाल आला. गाठ कर्करोगाची होती. लहान होती, एकटी होती, कुठे पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभराने आला असता तर वेगळं बोललो असतो. त्यांनी फासळ्यांमधून बारीक सळई घालून ती जागच्या जागी जाळली. अक्का दुसऱ्या दिवशी जेवली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या भाकरीचं वजन कमी आहे म्हणून भांडली. आता दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं, असं सांगून त्यांनी तिला घरी सोडलं.

इकडे ऋतुजाबाईंनी खरवसाचा अहवाल फोटोंसकट वर पाठवला. वरून आधी खुलासा मागवला गेला की शासकीय उपकरणावर खाद्यपदार्थ का ठेवला. मग दुसऱ्या दोन जिल्ह्यांतल्या डॉक्टरांनी तोच प्रयोग केला. एकाने साखर घातली नाही, त्याला परत करावा लागला. फाल्गुनात आदेश आला आणि राज्यातल्या सगळ्या निवाडा मशिनांची त्या कोपऱ्यापुरती बोलती बंद झाली. आता तिथे दांडा नेला की मशीन म्हणतं, "या जागेबद्दल मला सांगता येत नाही." भास्करच्या मते हे मशीनचं पहिलं खरं वाक्य होतं.

राहिला प्रश्न आधी सौम्य ठरलेल्यांचा. एकट्या संगमनेरच्या मशीनवर वर्षभरात, अक्का सोडून, त्या कोपऱ्यातल्या गाठीचे एकसष्ट जण सौम्य निघाले होते. बाईंनी फोन लावले. निम्म्यांनी उचलले नाहीत, निम्मे म्हणाले, आमचं झालंय, पेढेही वाटलेत. म्हणून यादी भास्करने घेतली. पहिल्या चार घरांत त्याला कोणी आत घेतलं नाही. एकाने तर त्याला पाहून दुकानाचं शटरच ओढलं. पाचव्या घरापासून अक्का स्कूटरवर मागे बसू लागली. ती उंबऱ्यातच सांगायची, "मी पण वाटले होते. बेचाळीस घरं. या, पोट दाखवायचं आहे का माझं?" मग लोक आत बोलवायचे. चहा व्हायचा. अक्का पोट दाखवायची नाही, पण फासळीवरचा टाका कुठे आहे ते बोटाने दाखवायची.

एकदा परतताना ती मागून म्हणाली, "भास्कर, मंदा असती तर मला बसायला जागा नसती मिळाली."

"ती पुढे बसली असती," भास्कर म्हणाला. "स्कूटर तीच चालवायची."

चैत्र संपेपर्यंत त्रेपन्न जणांची फेरतपासणी झाली. त्यांतले चौघे वाईट निघाले, चौघांवर उपचार चालू आहेत. उरलेल्या आठांपैकी सहा जण ऊसतोडीला आलेले होते. त्यांनी कारखान्याच्या तळावरचा पत्ता दिलेला होता आणि हंगाम संपल्यावर तळ उठला. दोघांचे फोन बंद लागतात. मुकादमांकडून गावांची नावं मिळवायचं काम चालू आहे. आठही जणांपर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही.